एकच टर्नटेबल, मिक्सिंगलाही आणि काकांच्या रेकॉर्डींनाही. कोणतं घ्यावं?

कर्णेकरी (धागाकर्ती)
१४ जून, रात्री १०:५२

मंडळी, सल्ला हवाय. पण आधी थोडी पार्श्वभूमी, नाहीतर पहिलाच प्रतिसाद "बजेट सांगा" असा येईल.

बार्शीकडे आमच्या काकांची साऊंड सर्व्हिस होती. लग्नं, बारशी, उरूस, निवडणुका, सगळं. मांडवाच्या मेढीला कर्णा बांधायचा, खाली टेबलावर चेंजर (रेकॉर्डी वाजवायचं मशीन) आणि अँप्लिफायर, आणि पहाटेपासून रेकॉर्डी सुरू. पुढे कॅसेट आल्या आणि धंदा बसला. काकांनी रेकॉर्डी मात्र विकल्या नाहीत. दोन पत्र्याच्या ट्रंका माळ्यावर होत्या, त्या या मे महिन्यात माझ्याकडे पुण्याला आल्या.

दुसरीकडे मी वर्षभर मित्राच्या कंट्रोलरवर (लॅपटॉपला जोडायच्या डीजेच्या पाटीवर) मिक्सिंग शिकतेय. (आईला अजून पटलेलं नाही. आमच्याकडे डीजे म्हणजे मिरवणुकीत ट्रॅक्टरवर रचलेली स्पीकरची भिंत. "तू त्या भिंतीवर बसणार का?" असं विचारून झालंय.) आता मला हाताखाली तबकडी धरून दोन गाणी जुळवायला शिकायचंय. स्क्रीनवरच्या लाटा बघून नाही.

तर एकच मशीन दोन्ही कामांना चालेल का? डायरेक्ट ड्राइव्ह हवं एवढं कळलंय. यादीत टेक्निक्स एसएल-१२०० एमके७, पायोनियर पीएलएक्स-१००० आणि ५००, रीलूप आरपी-७००० एमके२, ऑडिओ-टेक्निका एलपी१२० अशी नावं आहेत. डोकं गरगरतंय, तेही ३३⅓ च्या वेगाने. एका मशीनसाठी अख्खा बोनस घालायची तयारी आहे. दोन मशीनचे पैसे नाहीत.

---

काटकसर
१४ जून, रात्री ११:२०

एलपी१२० घ्या आणि मोकळ्या व्हा. फोनो स्टेज (पिनेचा बारीक आवाज वाढवणारा भाग) आतच आहे, यूएसबी आहे, ७८ चा वेग (मिनिटाला ७८ फेरे, जुन्या तबकड्यांचा) आहे. उरलेल्या पैशांत रेकॉर्डी घ्या.

---

घाटाखालचा
१४ जून, रात्री ११:३१

रुमाल टाकून ठेवतो. हा धागा पेटणार.

---

लॅमिंग्टनचा_गडी
१५ जून, सकाळी ७:४५

काटकसर यांचं निम्मं बरोबर आहे. निम्म्यावर नंतर येतो.

कर्णेकरीताई, डायरेक्ट ड्राइव्ह का, हे एकदा समजून घ्या, यादी आपोआप आखूड होईल. बेल्टच्या मशीनमध्ये मोटर बाजूला असते आणि रबरी पट्टा थाळीला फिरवतो, गिरणीसारखा. थाळी हाताने धरली की पट्टा घसरतो, सोडली की वेग धरायला वेळ लागतो, आणि हे रोज केलं की पट्टा सैल पडतो. डायरेक्टमध्ये पट्टाच नाही. थाळीच्या पोटाला चुंबक, खाली चासीवर कॉइल. थाळी हाच मोटरचा फिरता भाग.

जपानात टेक्निक्सच्या मूळ कंपनीतल्या, म्हणजे मात्सुशितातल्या, शुइची ओबाता यांच्या चमूने हे जमवलं. १९७० चं एसपी-१० हे व्यावसायिक कामाचं मशीन, रेडिओ स्टेशनांनी उचललं, कारण तिथे निवेदकाने नाव घेतलं की गाणं सुरू व्हायला लागतं. १९७२ मध्ये एसएल-१२०० आलं, ते घरी ऐकणाऱ्यांसाठी. हे लक्षात ठेवा, कारण पुढे कुणीतरी येऊन "ते डीजेचं मशीन, ऐकायला नको" म्हणणार आहे. १९७९ च्या एमके२ मध्ये, म्हणजे दुसऱ्या आवृत्तीत, क्वार्ट्झ लॉक (वेग पक्का धरणारी सोय) आणि सरकता पिच (वेग कमी-जास्त करायची पट्टी) आला, आणि क्लबवाल्यांनी ते पळवलं ते पळवलंच.

आता आकडे. लोक टॉर्क (थाळी फिरवायचं बळ) बघून हुरळतात. एमके२ चा १.५ किलो-सेंटिमीटर, एमके७ चा १.८, पीएलएक्स-१००० चा साडेचार. म्हणून पायोनियर तिप्पट चांगलं असं होत नाही. साडेचारची थाळी मस्तवाल बैलासारखी असते, हाताखाली अडत नाही, सोडली की उधळते. स्क्रॅचवाल्यांना (तबकडी हाताने पुढे-मागे घासून आवाज काढणाऱ्यांना) ते आवडतं. पण १.५ वर एक अख्खी पिढी स्पर्धा जिंकली आहे. रीलूप आरपी-७००० एमके२ मध्ये टॉर्क २.८ ते ४.५ असा कमी-जास्त करता येतो. एलपी१२० चा एकच्या आसपास आहे. ऐकायला काहीच अडचण नाही, पण क्यू करताना (गाणं नेमक्या जागी हाताने धरून ठेवताना) थाळी दमते. काटकसर यांचं चुकलेलं निम्मं ते हे.

ऐकताना बघायचा आकडा वेगळा: वाव-फ्लटर, म्हणजे वेगातला हेलकावा. टेक्निक्सचा कागदावर ०.०२५ टक्के, पीएलएक्स-१००० चा ०.१ च्या आत. ढोलकीत हा फरक तुम्हाला कळणार नाही. तानपुऱ्यात किंवा सतारीच्या लांबलेल्या मींडेत कळेल.

आणि जाता जाता, पीएलएक्स-१००० आणि रीलूप ही भावंडं आहेत. दोन्ही तैवानच्या हॅनपिन कंपनीकडे बनली, म्हणून तोंडावळा सारखा. वाईट अजिबात नाहीत. मी तीन उघडून बघितली आहेत, आतलं काम साफ आहे.

---

काटकसर
१५ जून, सकाळी ९:१०

"थाळी दमते" हे मान्य. माझी दमतेच. पण मी तिला काम सांगत नाही. :)

---

खरखर
१५ जून, दुपारी १:०५

ताई, पीएलएक्स-१००० घे, डोळे झाकून. मी ठाण्यात दोन वर्षं त्याच्यावर स्क्रॅच करतोय.

लोकांना वाटतं हे स्क्रॅचचं सगळं टेक्निक्समुळे झालं. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये १५२० सेज्विक अव्हेन्यूला डीजे कूल हर्कने बहिणीच्या पार्टीत गाणी वाजवली, तेव्हा सगळ्यांकडे १२०० नव्हती. जे मिळेल त्यावर चालायचं. एकाच रेकॉर्डीच्या दोन प्रती, आणि गाण्यातला फक्त ढोलाचा तुकडा इकडून तिकडे. मग तिथल्याच ग्रँडमास्टर फ्लॅश या डीजेने स्लिपमॅट (रेकॉर्डीखालची घसरती चकती) बनवला. मशीनच्या रबरी मॅटवर रेकॉर्ड चिकटते, हाताने मागे ओढली तर थाळीही ओढली जाते. त्याची आई शिवणकाम करायची. त्याने फेल्टची चकती कापली आणि खळ घालून कडक केली. शर्टाच्या कॉलरला घालतो तीच खळ! वर रेकॉर्ड थांबलेली, खाली थाळी फिरतेय. आज मॅट सहज मिळतो म्हणून कुणाला किंमत नाही.

---

बेल्टवाले_आजोबा
१८ जून, संध्याकाळी ६:१५

माझं नाव वाचून मी काय म्हणणार हे गड्याने आधीच ओळखलं. तीन दिवस लिहू की नको करत होतो.

डायरेक्ट ड्राइव्हवरचा आमचा जुना आक्षेप खोटा नव्हता. लोखंडी गाभ्याची मोटर प्रत्येक ध्रुवापाशी किंचित अडखळते. त्याला कॉगिंग म्हणतात. बैलगाडी खडीवरून जाते तसं. रबरी पट्टा हे हादरे पोटात घालतो, म्हणून आम्ही बेल्टवाले.

पण खरं बोलायचं वय आहे. टेक्निक्सने २०१० मध्ये १२०० बंद केली, २०१६ मध्ये परत आणली, आणि परत आणताना मोटरमधला लोखंडी गाभाच काढून टाकला. २०१९ च्या एमके७ मध्येही बिनगाभ्याची मोटर आहे. गेल्या हिवाळ्यात नाशिकला एका स्नेह्याकडे माझं बेल्टचं मशीन आणि त्यांचं एमके७, दोन्हीला सारखंच काट्रिज (पिन बसते ती डबी) लावून, मी पाठ करून बसलो. पाच वेळा ओळखायचं होतं. दोनदा ओळखलं. नाणं उडवून जास्त आलं असतं.

त्यामुळे मशीनवर माझं भांडण नाही. पिनेवर आहे. खरखर, तुम्ही किती वजनावर वाजवता?

---

खरखर
१८ जून, संध्याकाळी ६:४०

४ ग्रॅम. उडू नये म्हणून.

---

बेल्टवाले_आजोबा
१८ जून, संध्याकाळी ६:५२

कर्णेकरीबाई, वाचलंत ना? तुमच्या काकांच्या एलपींवर (३३⅓ च्या मोठ्या तबकड्यांवर) हे करू देऊ नका. ऐकायच्या काट्रिजला पावणेदोन-दोन ग्रॅम पुरतात.

---

खरखर
१८ जून, संध्याकाळी ७:०३

आजोबा, शांत व्हा. काकांच्या चेंजरवर क्रिस्टलची पिन असणार, ती सहा-सात ग्रॅमने बसायची. रेकॉर्डींनी त्याहून वाईट दिवस काढलेत.

पण मुद्दा मान्य. स्क्रॅच करायचं तर ताईने काकांची रेकॉर्ड वापरूच नये. टाइमकोडची तबकडी मिळते, तिच्यावर गाणं नसतं, १ किलोहर्ट्झची शिट्टी असते. लॅपटॉप ती ऐकून ओळखतो की हात कुठे आणि किती वेगाने फिरला, आणि गाणं लॅपटॉपमधून वाजतं. झिजली तर शिट्टी झिजेल.

---

पांढरी_दोन
१९ जून, पहाटे ५:४०

मी डीजे नाही, रियाजासाठी १२०० वापरतो. इथे कुणीच बोललं नाही म्हणून लिहितोय.

पिचची पट्टी ही गाणाऱ्यासाठी मोठी सोय आहे. समजा गायकाने काळी एकमध्ये गायलंय आणि माझा सूर पांढरी दोन. दोघांत अर्ध्या सुराचं अंतर, म्हणजे वेगात सुमारे ६ टक्के. थाळीच्या कडेवर ठिपक्यांच्या चार ओळी असतात, बाजूच्या दिव्यात त्या फिरताना दिसतात. मोठ्या ठिपक्यांची ओळ स्थिर दिसली की वेग बरोबर. त्यातली एक ओळ बरोबर अधिक ६ टक्क्यांची आहे! पट्टी खाली ओढत जायची, ती ओळ थबकली की तानपुरा लावायचा आणि बुवांच्या मागे बसायचं. लयही ६ टक्क्यांनी चढते, ते सोसायचं. द्रुत बंदिशीत धाप लागते.

दुसरा उपयोग जुन्या ७८ च्या तबकड्यांचा. नाव ७८ असलं तरी सगळ्या नेमक्या त्या वेगाने ध्वनिमुद्रित झालेल्या नाहीत. पिच नसेल तर कित्येक गायिका लहान मुलीसारख्या वाटतात.

एमके७ ला पिच ±८ आणि ±१६ असा दोन पल्ल्यांत आहे. एसएल-१५००सी ला पट्टीच नाही, तो मोह टाळा.

---

लॅमिंग्टनचा_गडी
१९ जून, सकाळी ८:२०

पांढरी_दोन, काय लिहिलंय! वाचनखूण साठवली.

आणि तुमच्यामुळे कळीचा प्रश्न सुचला. कर्णेकरीताई, ट्रंकेत ७८ किती आहेत? साऊंड सर्व्हिसवाल्याच्या ट्रंकेत असणारच. पीएलएक्स-१००० ला ७८ चा वेग नाही. एमके२ लाही नाही. एमके७, पीएलएक्स-५००, आरपी-७००० एमके२ आणि एलपी१२० यांना आहे. मॉडेल नंतर, आधी ट्रंक उघडा.

---

ओसाकाकर
१९ जून, दुपारी ४:३०

नमस्कार, मी जपानमधून. ज्या गावात हे मशीन जन्मलं तिथून बोलतोय म्हणून थोडा माज करू दे.

इथे वापरलेली एमके२, एमके३ जुन्या मालाच्या दुकानांत अजूनही दिसतात. ताई, कुणी "जपानहून आणून देतो" म्हणालं तर मागची पाटी वाचून घ्या. इथली वीज १०० व्होल्टची. पुण्यातल्या २३० मध्ये थेट खुपसलंत तर धूर. मी हे ऐकून सांगत नाही. माझ्या मेव्हण्यासाठी एक नेलं होतं, सोबत स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मरही दिला होता. त्याने ट्रान्सफॉर्मर मिक्सर-ग्राइंडरला लावला आणि मशीन भिंतीत. आता ते शोभेचं आहे, वर मनीप्लांट ठेवलाय.

वापरलेलं घेताना तीन गोष्टी. आर्म (पिनेचा दांडा) दोन बोटांत धरून अलगद हलवा, खटखट जाणवली तर बेअरिंग गेलंय. पिच शून्याच्या आसपास सरकवून बघा, एमके२ ला मध्ये खटका आहे आणि त्याच्या आजूबाजूला वेग हलतच नाही असा एक बहिरा पट्टा असतो. तिसरं, आवाजाची वायर मुळाशी हलवा, एक बाजू बंद पडली तर आत सोल्डरिंग आलं. ही दुरुस्ती होते, बेअरिंगची अवघड.

---

घाटाखालचा
१९ जून, संध्याकाळी ५:०२

मनीप्लांट किती आरपीएमने वाढतोय?

---

कर्णेकरी
२१ जून, दुपारी ३:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. आज रविवार, ट्रंका उघडल्या. गॅलरीत जुनी चादर अंथरून बसले होते, दोन तास गेले.

एकूण २१२. त्यातल्या ६१ लाखेच्या, ७८ वाल्या. जड आहेत हो, दहा उचलल्या की मनगट बोलतं. पाच चिरा गेलेल्या, दोन चक्क फुटलेल्या. बाकी ईपी आणि एलपी. बऱ्याच तबकड्यांवर पांढरी बुरशी, नकाशासारखी पसरलेली.

एक गंमत दिसली. लेबलांवर काकांच्या हाताने पेन्सिलीत अक्षरं आहेत: "ह", "व", "पं", "पा". थोडा वेळ कळेना. मग ट्यूब पेटली: हळद, वरात, पंगत, पाठवणी! काही लेबलांवर मात्र लाल पेन्सिलीची एक रेघ आहे, मधल्या भोकापासून कडेपर्यंत, आणि शेजारी आकडा. ३, ५, एकीवर ९. हे काय असेल?

आणि बुरशीचं काय करू? घरात सॅनिटायझर आहे, त्याने पुसू का?

---

लॅमिंग्टनचा_गडी
२१ जून, दुपारी ३:१९

थांबा!!! ७८ ला अल्कोहोल लावू नका. ती लाख आहे. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, फर्निचरला पॉलिश मारणारे तेच करतात. तुमच्या हातात तबकडीचा लेप राहील.

७८ साठी डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीत घालतात ते, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब. मऊ ब्रश गोल फिरवायचा, खाचेच्या दिशेने, आडवा नाही. लेबल भिजवायचं नाही, विशेषतः तुमच्या बाबतीत, पेन्सिल जाईल. मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने धुऊन उभी वाळवायची, उन्हात नाही. एलपी व्हायनिलच्या, त्यांना बुरशीसाठी पाण्यात थोडं आयसोप्रोपिल चालतं. सॅनिटायझर कशालाच नाही, त्यात जेल असतं.

---

कर्णेकरी
२१ जून, दुपारी ३:२२

बाटली हातात होती. हात जोडते.

---

बेल्टवाले_आजोबा
२१ जून, रात्री ८:००

६१ म्हणजे खजिना आहे. आपल्याकडे ७८ उशिरापर्यंत निघत राहिल्या. बीटल्सची गाणीसुद्धा भारतात ७८ वर निघाली होती, परदेशातले संग्राहक त्यांच्या मागे असतात. ट्रंकेत एखादी दिसली तर मला व्यक्तिगत निरोप करा. :)

पण वेग मिळाला म्हणजे झालं नाही. एलपीची पिन ७८ वर लावू नका. एलपीची खाच बारीक, तिला ०.७ मिलच्या (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) टोकाची पिन लागते. ७८ ची खाच रुंद, ३ मिलची पिन लागते. बारीक पिन रुंद खाचेच्या तळाशी लोळते, आणि ऐकू येते ती तळातली धूळ. ओढ्यात होडी सोडण्याऐवजी गाळात काठी फिरवल्यासारखं.

सोपा उपाय ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेचा. काट्रिजचं अंग एकच, पुढची पिन ओढून काढता येते. 'ई' लावा एलपीसाठी, २ ग्रॅम. 'एसपी' लावा ७८ साठी, ५ ग्रॅम. मिक्सिंगसाठी वेगळ्या हेडशेलमध्ये (काट्रिज बसवायचं आर्मचं डोकं) डीजेचं काट्रिज. आर्मच्या टोकाची कडी सैल केली की हेडशेल निघतं, अर्ध्या मिनिटाचं काम.

---

खरखर
२१ जून, रात्री ८:३०

आजोबा +१. (तारीख लिहून ठेवा.)

फक्त ताई, प्रत्येक अदलाबदलीनंतर वजन पुन्हा लावायचं. मागचं वजन फिरवून आर्म हवेत आडवा तरंगला पाहिजे, मग आकड्यांची चकती शून्यावर, मग पूर्ण वजन फिरवून हवे तेवढे ग्रॅम. आळस केलास तर ५ ग्रॅमची पिन एलपीवर पडेल. टेक्निक्सच्या आर्मला हेडशेलच्या रबरी वॉशरपासून पिनेच्या टोकापर्यंत ५२ मिलिमीटर ठेव, पट्टीने मोजून.

त्या लाल रेघेचं मला वाटतं ते सांगू? फ्लॅश रेकॉर्डींवर क्रेयॉनने खुणा करायचा. ढोलाचा तुकडा कुठे सुरू होतो, तिथून किती फेरे मागे फिरवायचं, हे घड्याळाच्या काट्यासारखं बघून. तुझे काका तेच करत असतील तर मी बार्शीला येऊन पाया पडतो.

---

काटकसर
२१ जून, रात्री ९:१४

बार्शीचे काका ब्राँक्सच्या आधी? पुरावा आणा.

---

लॅमिंग्टनचा_गडी
२२ जून, सकाळी ७:३०

६१ वर निकाल लागला. पीएलएक्स-१००० बाद. आता एमके७ किंवा रीलूप. मिक्सिंगच जास्त करणार असाल तर रीलूप, पैसे वाचतील. ट्रंक जास्त ऐकणार असाल तर एमके७. माझं मत एमके७, कारण दुसरं मशीन नंतर घेता येईल, पण घेतलेलं विकून वरचं घेताना आपल्याकडे फार तोटा होतो. तोवर एका चॅनेलवर टर्नटेबल, दुसऱ्यावर लॅपटॉप. जुळवायला कान तेवढेच लागतात. किंबहुना तबकडीचा वेग लॅपटॉपशी हाताने जुळवणं जास्त अवघड, कारण लॅपटॉप चुकत नाही.

एमके७ मध्ये फोनो स्टेज नाही. डीजे मिक्सरमध्ये ती असते. साध्या अँपला लावायचं तर वेगळी डबी घ्या. पिनेतून जेमतेम ५ मिलिव्होल्ट येतात, आणि रेकॉर्ड कापताना खर्ज दाबलेला, टीप उचललेली असते. ते उलटं करायचं काम त्या डबीचं. तो उलटा करायचा नियम १९५४ च्या सुमारास सगळ्यांनी एक केला. तुमच्या ७८ त्याआधीच्या असतील तर आवाज थोडा चिरका किंवा बोदा वाटेल, टोनच्या बटणाने सांभाळा.

---

कर्णेकरी
२४ जुलै, रात्री ११:४०

मंडळी, महिन्याने उगवतेय. एमके७ घेतलं. एकच.

पहिल्या रात्री रडायची वेळ आली होती. सगळं जोडलं, आवाज वाढवला, आणि स्पीकरमधून नुसती घूंऽऽऽ. गाण्याच्या मागे ट्रान्सफॉर्मर बसल्यासारखी. आर्मला हात लावला की थांबायची, सोडला की सुरू. दुकानदाराला फोन केला तर म्हणे पुण्याची वीजच तशी. रात्री एक वाजता थर्माकोल पुन्हा उपसलं, आणि कोपऱ्यात एक बारीक वायर, दोन्ही टोकांना काट्यासारखी चिमटी. अर्थिंगची! मशीनच्या मागच्या स्क्रूपासून मिक्सरच्या स्क्रूपर्यंत लावली. घूं गायब. इतकी शांतता की पंखा ऐकू आला.

---

लॅमिंग्टनचा_गडी
२५ जुलै, सकाळी ७:०२

हात लावल्यावर थांबते म्हणजे दहात नऊ वेळा अर्थ. पुण्याच्या विजेची बदनामी नको. :) आता भिंतीतल्या सॉकेटची तिसरी पिन खरंच जोडलेली आहे का, तेही इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. कित्येक घरांत ती नुसती शोभेची असते, मनीप्लांटसारखी.

---

कर्णेकरी
३ ऑगस्ट, सकाळी ११:२०

काल काका आले होते. वय ७८. हो, घाटाखालचा, विनोद आम्हीही करून झालाय.

मशीनभोवती दोन चकरा मारल्या. थाळीवर तळहात ठेवला, ती बटण दाबताच फिरली तर "आयला" म्हणाले. पिनेला हात लावायला घाबरत होते. दोन ग्रॅम हे त्यांना पटेना. "एवढी हलकी? वाऱ्याने उडंल की." मग ३३ आणि ४५ ची बटणं एकदम दाबून ७८ लावलं, पिन बदलली, वजन लावलं आणि एक "ह" वाली तबकडी ठेवली. खरखर खूप आहे. पण सनई सुरू झाली तेव्हा काका खुर्चीत मागे टेकले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

आता लाल रेघ. खरखर, पिशवी भर. मी विचारलं तर काकांनी तबकडी हातात घेतली, रेघ माझ्याकडे केली आणि म्हणाले, "मंगलाष्टका संपली, अक्षता पडल्या, त्या क्षणाला शब्द पायजे. नुसतं म्युझिक वाजत बसलं तर पाव्हणे म्हणणार स्पीकरवाला झोपला." म्हणून आदल्या रात्री पिन ठेवून फेरे मोजायचे. रेघ समोर असताना पिन टेकवली की आकड्याइतक्या फेऱ्यांनी शब्द येतो. तीनचा आकडा म्हणजे भटजींच्या शेवटच्या "सावधान"च्या आधी तीन फेरे पिन टाकायची, आवाज बंद ठेवून, आणि मग बटण उघडायचं. ७८ वर तीन फेरे म्हणजे सव्वादोन सेकंदांहून किंचित जास्त. मी मोबाइलवर मोजलं. बरोबर आलं.

---

खरखर
३ ऑगस्ट, सकाळी ११:२६

मी बार्शीची गाडी बघतोय.

---

काटकसर
३ ऑगस्ट, दुपारी १२:१०

पुरावा मिळाला. ब्राँक्सच्या आधी का नंतर, ते राहू दे. माझी हरकत मागे.

---

बेल्टवाले_आजोबा
३ ऑगस्ट, दुपारी १:४५

काकांना माझा नमस्कार सांगा. मशीन आवडलं का त्यांना?

---

कर्णेकरी
३ ऑगस्ट, दुपारी २:०५

आवडलं. पण जाताना दारात चपला घालताना विचारलं, "दुसरं कुठाय?" म्हटलं, एकच घेतलंय. तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी एकाच बैलाची गाडी घेऊन आले. त्यांच्या टेबलावर कायम दोन चेंजर असायचे म्हणे, मध्ये एक खटक्याचं बटण. "एका मशीनवर वरात कशी निघंल गं?"

गडी, रीलूप दुसरं म्हणून शेजारी चालेल का?